प्याद्यालोक गेलेला हात

शुभम: अकोला येईलोक हेच विचारणार मी, वर्षाली. बोल न!

वर्षाली: हळू, दादा. सारी एसटी पाहून राहिली.

शुभम: पाहू दे! तुयं प्यादं वजीर व्हायले एकच घर होतं. माया राजाले हलायले जागा नवती. आन् तू बरोबरी मागते?

वर्षाली: तू बी त लगेच हात देल्ला.

शुभम: देणार नाई त काय करू? एकोणीसशे रेटिंग मायं, तुयं चौदाशे, आन् घाम मले फुटला होता. जिंकली असती त विभागातून तू गेली असती राज्याले. आता दोघंयी घरी. अचलपूरची शाइस्ता चालली.

वर्षाली: जाऊ दे न. चांगली खेळते ते.

शुभम: बरं, जिंकाचं नवतं त हाराचं होतं. मी तरी गेलो असतो!

वर्षाली: मुद्दाम हारू? तेवढं नाई होत मायाकडून.

शुभम: मंग जिंकाचं न बापा!

वर्षाली: आन् घरी कोणतं तोंड घेऊन जाऊ? दिवाळीत तुले एकडाव हरवलं, त बाबानं पट माळ्यावर टाकला. भावाचं मन खच्ची करते म्हणे. होळीलोक काढला नाई. तू दोस्तायकडं जाऊन खेळे, मी दुकानात शेवंतीचे हार गुंफत बसली.

शुभम: ते घरचं होतं वं. हे त स्पर्धा होती.

वर्षाली: बाबाले काय फरक? तुया सरावासाठीच मले खेळू देतात ते. हरवणारी कोणाले पाह्यजे सरावाले? मले भेव वाटते दादा, खरंच. खेळ सुटला त मरून जाईन मी.

शुभम: आज सांगतोच मी त्यायले. मीच हारून राहिलो होतो म्हणून.

वर्षाली: घे. त्यायचाच फोन हाय.

(शुभम फोनचा स्पीकर चालू करतो.)

सहदेव: काय रे, जिंकला न?

शुभम: बाबा... वर्षालीसंगं बरोबरी झाली.

सहदेव: वर्षालीसंगं? हां, समजलो. लहान बहीण म्हणून सोडलं तिले तू. होय न?

शुभम: बाबा, ते...

सहदेव: बोल न लेका! इथं शेजारचे उत्तमराव बसले हायेत दुकानात, त्यायले सांगतो.

शुभम: ...हो, बाबा.

सहदेव: मले माहीत होतं! मन मोठं हाय माया पोराचं. या सावकाश.

वर्षाली: ठेवला त्यायनं. बंद कर स्पीकर.

शुभम: सांगणारच होतो वं मी. तोंडावर आलं होतं.

वर्षाली: मायाबी हात प्याद्यालोक गेला होता, दादा. पुढं नाई गेला.