आयतवारच्या घंटेचो बांगडो

चाय घेवा, आणि शिकलेल्यांची अक्कल आयका. आमच्या शेजारी भाड्यान रवता तो कॉलेजातलो प्रोफेसर माशांवर लेख लिवत होतो. तो छापलो तरच त्येका बढती गावतली होती.

माका विचारल्यान, "इनासमामा, बांगडा काठाजवळ कधी येतो?"

माज्या जिभेक खाज सुटली. म्हटलंय, "आयतवारी चर्चाची घंटा वाजली काय येता, प्रार्थनेक!"

गड्यान तसाच लिवल्यान. खाली पुरावो म्हणान माजा नाव घातल्यान!

म्हयन्यान बघतंय तर तोंड पाडून पायरेर बसलेलो. "संपादकांनी लेख परत पाठवला हो मामा! बढती गेली!"

माका वाटला, माजी घंटेची थाप पकडली. विचारलंय, "घंटेचा काय म्हणाले?"

"घंटेबद्दल काहीच नाही. खालची संदर्भांची यादी चुकली. आडनाव आधी हवं, साल कंसात, आणि तुमच्या नावापुढे टिंब राहिलं."

म्हटलंय, "अरे मास्तर, आमची बायल बाजारात बांगड्याचो कल्लो उघडून बघता, ताजो आसा काय कुसलेलो. तुमच्या त्या शाण्यांनी नुसती माशांची पाटी बघली, सरळ मांडलेली आसा काय ती!"

तो हसूक नाय. रातदिवस टिंबां घालीत बसलो. लेख छापलो, बढतीय गावली.

तेव्हा येत्या आयतवारी जाळी घेवन दर्यार चला रे. घंटा वाजान पण बांगडो इलो नाय, तर चूक बांगड्याची. त्येनी लेख वाचूक नाय.