बाईचा रोल

खंडेराव मार्केटहून छाणीची बस सुटली. पुढच्या सीटवरून "बाई" हा शब्द आला, तशी निवृत्त शिक्षिका निरुपमाबाईंनी जुन्या सवयीने मान वर केली. पुढे दोन अनोळखी मायलेकी बसल्या होत्या.

"हिंदी सिरियल आहे, आई! बाईचा रोल म्हणाले."

"अगं बाई! म्हणजे आजीसारखी शाळेत शिकवणार तू, कौमुदी?"

"मलाही तेच वाटलं! आजीची सुती साडी नेसून, चष्मा लावून गेले ऑडिशनला. तिथे हातात काय दिलं, सांग."

"खडू?"

"घासणी! त्यांची बाई म्हणजे मोलकरीण."

"हात्तिच्या! आणि बाकीचे कोण?"

"बारा जणांचं घर. पंजाबी काकू भांगडा करणार, बंगाली सून जादूटोणा, मणिपूरची पोरगी पार्लरवाली. मराठी मुलगी दिसली की भांडी घासायला!"

"आणि आपली भांडी घासते ती हंसाबेन, पक्की गुजराती!"

"तिला निदान नाव आहे. माझ्या बाईला तेही नाही."

"मग काय केलंस?"

"आजीच्या आवाजात ओरडले, 'मागच्या बाकावरचे, उभे राहा!' आणि डायरेक्टर चक्क उभा राहिला!"

"मराठी कळलं त्याला?"

"आवाज कळला! मग हसत खाली बसला. म्हणाला, 'बहोत अच्छा, अब बर्तन मांजो.'"

"मेल्याला लाज नाही! आणि तू?"

"मी म्हटलं, 'बसायला कोणी सांगितलं?'"

"मग?"

"परत उभा राहिला!"