नऊ नंबरच्या नोटिसा

अरे, त्या नगरपालिकेच्या कारकुनाचं नाव काढलं का मले आजही संताप येते. महाराष्ट्र नवानवा झाला होता, मी तवा आमच्या आसलवाडीत टपाल वाटत होतो. गाव नगरपालिकेत गेलं आन् तिथल्या लोकाइनं गावाची पाटीच बदलली: 'वॉर्ड नंबर नऊ'.

त्याच साली एक जर्मन साहेब आमच्या विहिरी पाहाले आला, सोबत हा कारकून. साहेबानं मोडक्यातोडक्या हिंदीत इचारलं, "इस गाँव का नाम?"

कारकून म्हणे, "नाम नहीं साब, नंबर है. नौ नंबर."

साहेबाले नवल वाटलं. त्याचं सातशे वर्षांचं गावही शहरानं गिळलं होतं म्हणे, पण नाव अजून पाटीवर होतं आन् पत्त्यावरही.

मी कारकुनाले म्हटलं, "आयकलं? मंग आमचंच नाव काऊन पुसलं?"

"चार झोपड्याइले कायचं बे नाव?" असं म्हणून हसला तो.

माह्या मस्तकात तिडीक गेली, पण पाहुण्यासमोर तमाशा नको म्हणून थैली उचलून टपाल वाटाले निंगालो.

पुढच्या महिन्यात नगरपालिकेच्या नोटिसा आल्या. सगळ्याइवर पत्ता एकच, 'वॉर्ड नंबर नऊ'. मी एकेकीवर शेरा मारला आन् अख्खा गठ्ठा वापस धाडला. कारकून तोच गठ्ठा घेऊन तणतणत पोस्टात आला, "नोटिसा काऊन नाही वाटल्या बे?"

मी त्याच्या हातातला गठ्ठा घेऊन त्याच्यासमोर आपटला. "शेरा वाचता येते ना? लिवलं हाय, गावाले नाव नाही."