वाकळेच्या पोटातला घास

वाकळ, म्हंजे आपली गोधडी, भिंतीवर टांगून तिकीट लावतात, हे तुम्हाला खरं वाटणार न्हाय. पर आमच्या कोल्हापूरच्या म्युझियममध्ये लावलतं. मी तिथं मदतनीस हुतो. बडोद्याच्या एका बाईंनी चित्रांसारख्या वाकळा शिवलेल्या, त्यांचं प्रदर्शन गावोगाव फिरत आमच्याकडं आलतं.

प्रवासात एका वाकळेची कड उसवली. दुसऱ्या दिवशी उद्घाटन, म्हणून मी मंगळवार पेठेत वाकळा शिवणाऱ्या हमीदाचाचींना बोलावलं. त्यांनी झकास शिवून दिली.

सकाळी बघतो तर पांढऱ्या भिंतीवरनं मुंग्यांची रांग थेट त्या वाकळेत. पळत जाऊन चाचींना आणलं.

"गूळ-भाकरीचा घास घातलाय की," चाची म्हणाल्या. "वाकळ पुरी करताना तिच्या पोटात घास घालायचा असतोय."

"अवो चाची, ही पांघरायची न्हाय, टांगायची हाय."

"मग टांगलेल्याला भूक लागत न्हाय व्हय?"

मागं वळतोय तर बडोद्याच्या बाई उभ्या. म्हटलं, गेली नोकरी. पर बाईंनी चाचींचा हातच धरला. "मग बाकीच्या उपाशी का ठेवायच्या?" आणि दोघी तिथंच फरशीवर सुई-दोरा घेऊन बसल्या की.

पुढच्या गावच्या म्युझियममधनं ट्रंककॉल आला. तिथले साहेब तापलेले. "अहो, तुमच्याकडून गोधड्यांबरोबर मुंग्या आल्यात."

मी म्हटलं, "पावणं, कोल्हापुरातनं उपाशी कोण जात न्हाय."