कोहळ्यावर भागलेला पूल

कारभारी : आत येत न्हाई, काकी. तुझा शब्द मी आजवर वलांडला न्हाई. हा बघ, उंबऱ्याभाईर बसलो. पर तू जरा पुढं सरक. अशी कवाडाला टेकून बस, कान इकडं दे. तुला एका पुलाची कथा सांगायला आलोय.

साळूबाई : कथा देवळात सांग. तुझा पखवाज ऐकनारी तिथं लई हायत. मी तर तो वाजला की कवाड लावून घेते.

गोरख : आजे, तात्यांना मीच बोलावलंय.

साळूबाई : तूच? तुझ्या बापासंगं पलटनीत गेला आन एकटा परत आला, त्याला तू दारात बोलावलंस?

गोरख : मग काय करू? परवापास्नं तुझ्या पोटात अन्न न्हाई. मी नव्या पुलाच्या पायाच्या खड्ड्यात उतरलो तर तू घास घेनार न्हाईस. आन उद्या हजेरीला गेलो न्हाई तर मुकादम माझं नाव काढनार. मडक्यात मूठभर रेशनची मिलो जवारी ऱ्हायलीय. आई एकली तिकडं उन्हात खडी फोडती, हातानं भाकर थापवंना तिच्या. बैल छावनीत. ह्या दुष्काळी कामाबिगर हाय काय आपल्याला?

साळूबाई : तू बी खडी फोड. रस्त्यावर माती टाक. पुलाच्या पायात उतरायचं न्हाई.

गोरख : खडी बायांना दिलीय, आजे. गड्यांना खड्डाच.

साळूबाई : पूल मानूस मागतो, लेकरा. तुझ्या बापाला मागितला. तार आली तवा मास्तरांनी वाचून दावली, इटलीत नदीच्या पुलापाशी मच्छिंद्र गेला. लढाईत न्हाई, पुलापाशी! सारा गाव त्याच दिशी बोलला, गोऱ्यांनी परमुलखातलं पोर पायात घातलं, तवा कुठं पूल हुभा ऱ्हायला. तू आईच्या पोटात हुतास. तुला काय ठावं?

कारभारी : गाव बोलला खरा. पर गाव तिथं नव्हता, काकी. मी हुतो.

साळूबाई : हुतास ना? मग परत कसा आलास?

कारभारी : हेच तू तवा इचारलंस. पाठीवरची पिशवी उतरायच्या आधी मी तुझ्या दारी आल्तो. तू म्हनालीस, तू आलास, माझा का न्हाई आला? परत उंबऱ्याला पाय लावू नगंस.

साळूबाई : म्हनाले. आज बी म्हनते.

कारभारी : म्हन. आईच्या तोंडच्या शिव्या, त्याला काय इलाज? पर एकदा ऐक. ऐकून बी तुला पोराला आडवायचंच आसंल, तर मी गुमान उठून जाईन.

साळूबाई : पाल्हाळ लावू नगंस. तुमा कीर्तनवाल्यांचं पाच मिंटाचं काम आन तासभर आळवनी.

कारभारी : पूर्वरंग तेवढा होऊ दे. त्याबिगर पुढचं गळी उतरायचं न्हाई. तर ऐक. आमची पलटन सफरमैना. बंदूक कमी, फावडं जास्त. फौजंच्या पुढं जायचं, सुरुंग काढायचे, मोडलेले पूल जोडायचे. असंच एका नदीपाशी आलो. इटलीतली नदी, नाव घ्यायला गेलं की जिभंला गाठ पडायची. मच्छिंद्र म्हनाला, पानी गढूळ, काठ उंच, नेवाशाची प्रवराच की ही! तवापास्नं सारी कंपनी तिला प्रवराच म्हनायची.

साळूबाई : मामाच्या गावाला पवायला शिकला तो. प्रवरंतच. भाऊ माझा म्हनायचा, हे पोर हाय का मासा.

कारभारी : नदीवर आगीनगाडीचा पूल हुता. हुता म्हंजी, खांब तेवढे हुते. मधला सारा पान्यात. जर्मन पळून जाताना दारू लावून गेला. त्या खांबांवर आमी लोखंडाचा सांगाडा टाकायचा, मग फौज पल्याड. हिवाळ्याचे दिस. पान्यात उतरलं की पाय आपले हायत का दुसऱ्याचे, कळंना.

गोरख : तात्या, पुलाचं आजीला सांगा. तुमी म्हनला हुता त्या बाईचं.

कारभारी : येतो, येतो, तिच्याकडंच येतो. पुलाच्या अंगाला रुळाचं फाटक हुतं. तिथली फाटकवाली म्हातारी, तुझ्याच वयाची तवा. सांजंला आमच्या शेकोटीपाशी येऊन बसायची. आमचा आचारी गोव्याचा, फर्नांडिस. त्याला पोर्तुगीज यायची, त्यातनं तिचं अर्धं कळायचं. उरलेलं हातानं. तिनं त्या पुलाची सारी कुळकथा आमाला भुईवर मांडून दाखवली. जुन्या पुलाच्या इटांचे तुकडे घ्यायची न् मांडायची. त्यांच्या राजाच्या वक्ताला पहिला पूल झाला, समदा इटांचा, कमानीचा. तिच्या सासऱ्यानं त्यात इटा लावलेल्या. मग एका वर्षी लोंढा आला. एक कमान उचलून बाजूला ठेवली. मग लोखंड घालून पुन्ना बांधला. इटा पुन्ना मांडल्या. मग लढाई. इमानं आली, आमच्याच बाजूची, बॉम्ब टाकून मोडला. जर्मनानं गावातली मानसं धरून रातोरात जोडून घेतला. इमानं पुन्ना आली. तिचा नवरा फाटकावर हुता, तो त्याच दिशी गेला.

साळूबाई : आपल्या बाजूच्या बॉम्बनं?

कारभारी : आपल्याच. आन तरी आमच्या शेकोटीला यायची. मी एकदा फर्नांडिसला इचारायला लावलं, आमचा राग न्हाई येत? तर तिनं सगळ्या इटा हातानं मोडून एकत्र ढकलल्या. म्हनाली, कोनी बांधला, कोनी मोडला, आता कशाचं काय. तुमी तेवढा बांधा.

साळूबाई : बाई शहानी हुती. पर माझ्या पोराचं सांग.

कारभारी : काम सुरू व्हायच्या आदल्या सांजंला मच्छिंद्र फावडं टाकून बसला. मी म्हनलं काय झालं? म्हनला, कारभाऱ्या, नारळ न्हाई, काई न्हाई, पाया तर उकरलेलाच हाय, पर नदीला काई दिल्याबिगर हात कसा लावायचा? आई म्हनते, पूल मानूस मागतो.

साळूबाई : म्हनते. खरंच म्हनते मी.

कारभारी : फर्नांडिसनं त्या बाईला हे सांगितलं. ती हासली न्हाई, काकी. मान हलवली. म्हनाली, आमच्यात बी म्हनत्यात. नव्या पुलावरनं पहिला जाईल तो जीव सैतान घेतो. म्हनून आमी आधी कुत्रं सोडतो. आन मग इचारलं, तुमी काय देता? मच्छिंद्र म्हनला, आमी कोहळा कापतो. तिला कोहळा कळंना. त्यानं हातानं एवढा गोल करून दावला. बाई उठली, घरला गेली आन सकाळी पाटीत घालून हा एवढा भोपळा घिऊन आली. माळ्यावर हिवाळ्याला ठिवलेला. त्या साली त्यांच्या खायचे वांदे हुते बरं. झाडांच्या साली शिजवायची मानसं.

साळूबाई : आन तिनं तो नदीला दिला.

कारभारी : दिला. मच्छिंद्रनं जुन्या पुलाची ईट कुटली, तिची लाल भुकटी भोपळ्याला लावली, कुकवासारखी. फावड्याच्या एका घावात दोन भकलं केली. म्हनला, हे घे आन भाग, आमच्यातला कोनी मागू नगंस. साहेब लांबनं बघत हुता, त्यानं बी आडवलं न्हाई. आन काकी, माझ्या इठ्ठलाची आन घिऊन सांगतो, तो पूल तेवढ्यावर भागला. वरनं तोफा चालू, खाली बर्फासारखं पानी, पर सांगाडा पार होईस्तवर आमच्या एका मानसाचं नख दुखलं न्हाई. पुलानं कोनाला घेतला न्हाई. तुझ्या मच्छिंद्रला बी न्हाई.

साळूबाई : मग?

कारभारी : मग... उत्तररंग वाईट हाय, काकी.

साळूबाई : सांग. इतकी वर्सं मी वाईटच मनात धरून बसले. त्याच्यापरीस वाईट काय आसंल?

कारभारी : पूल झाला. दुसऱ्या दिशी आमी पुढं निघनार. त्या बाईची पाटी आमच्याकडंच ऱ्हायलेली. मच्छिंद्र म्हनला, देऊन येतो. मी म्हनलं, राहू दे, येईल तिची ती न्यायला. म्हनला, न्हाई, पाटी दुसऱ्याची. आन रिकामी बी देता येत न्हाई. त्याच्या वाटनीचं मीठ हुतं, ते समदं कागदात बांधून पाटीत ठिवलं. तिकडं तवा मीठ सोन्यासारखं. घराघरांत आळनी शिजायचं.

साळूबाई : रिकामं भांडं देऊ नये. मीच शिकिवलं. ताकाचा तांब्या परत करायचा तरी मी त्यात चिमटभर काईतरी घालायची.

कारभारी : तिच्या घराच्या वाटंवर सुरुंग पेरलेले. आमीच त्यातनं मानूसभर वाट साफ केलेली. दोन्ही अंगाला पांढरी फीत. फितीच्या आतनं चाललं तर भ्या न्हाई. मच्छिंद्रनंच ती फीत बांधलेली, त्याला का ठावं नव्हतं? पर वाटंत देवी हुती. इटांची लहान देवळी, आत आई आन कडंवर लेकरू. तिथली मानसं येता जाता तिच्यापुढं वाकायची. आन फीत अशी गेलेली की देवळी डाव्या हाताला पडायची.

साळूबाई : कारभाऱ्या...

कारभारी : मी पुलावर हुतो. मला दिसत हुतं. तो देवळीपाशी थांबला. डोईवरचं लोखंडी टोपडं काढलं. हात जोडले. आन मी वरडलो, मच्छ्या, फीत! पर तो फीत वलांडून पल्याडनं वळसा घालायला निघालाच. देवी उजव्या हाताला घिऊन.

(गोरख पाण्याचा तांब्या आणून साळूबाईपुढे ठेवतो. ती त्याला हात लावत नाही.)

गोरख : आजे...

साळूबाई : देव डाव्या हाताला टाकू नये. चालायला लागला तवापास्नं सांगत आले. मारुतीला एकदा डावा टाकून आला तर परत धाडलाय मी त्याला उन्हाचा. रडत गेला, वळसा घालून आला.

गोरख : मला बी तसंच शिकिवलं. वळसा घालून कामावर जातो म्हनून मुकादम रोज टोचतो.

साळूबाई : म्हंजी पुलानं न्हाई नेला. मी नेला.

कारभारी : आसं बोलू नगंस.

साळूबाई : मग कसं बोलू? तू सांग. तुझ्या कीर्तनात ह्याला काई उत्तर आसंल तर सांग.

कारभारी : न्हाई. मी लई शोधलं. मोठमोठ्या बुवांच्या पायाशी बसलो. देवाला मान दिला आन देवापुढंच गेला, ह्याचं उत्तर मला कोनी दिलं न्हाई. त्याच्या आधी तू हाकललंस तवा मी हे न सांगताच गेलो. वाटलं, पुलावर राग हाय तर पुलावरच राहू दे. पूल लांब हाय, दगडाचा हाय, त्याला सोसंल. तुला हे सोसनार न्हाई. पर आता तो राग गोरखच्या ताटात पडाया लागला.

साळूबाई : लगेच गेला का?

कारभारी : न्हाई. थोडा वेळ हुता.

साळूबाई : एकटाच?

कारभारी : न्हाई, काकी. हेच तर सांगायचं ऱ्हायलं. आमाला साहेबानं आडवून धरलं, फीत तुटली, आता कोनी हलायचं न्हाई. आमी सुरुंग काढनारी मानसं, आमी थांबलो. ती बाई थांबली न्हाई. घरातनं पळत आली, फीत बघितली न्हाई, सुरुंग बघितला न्हाई. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. चिखलात समदं मीठ सांडलेलं. ती मिठात बसलेली. ओंजळीनं त्याच्या तोंडात पानी घातलं.

साळूबाई : पानी गेलं तोंडात?

कारभारी : गेलं. मी डोळ्यानं बघितलं. मग त्यानं हाक मारली. आये म्हनला. मोठ्यानं, तू रानात आसलीस म्हंजी मारायचा तशी.

साळूबाई : आन?

कारभारी : तिला आपली भाषा कुठली ठावं. पर तिनं वो दिली. त्यानं पुन्ना मारली. तिनं पुन्ना दिली. तो मारतोय तवर ती देतच ऱ्हायली.

गोरख : आजे, पानी पी. घोटभर पी.

साळूबाई : तिचं नाव काय?

कारभारी : ठावं न्हाई. आमी समदे मावशी म्हनायचो. त्याच रातीला पुढं हललो. परत त्या वाटंला जानं झालं न्हाई.

साळूबाई : पूल हाय का आजून?

कारभारी : आमचा सांगाडा काढला आसंल. इटांचा न्हाईतर दगडाचा पुन्ना बांधला आसंल त्यांनी. गाडी जात आसंल वरनं. बांधत्यातच मानसं.

साळूबाई : गोरख.

गोरख : काय, आजे?

साळूबाई : आढ्याला कोहळा टांगलाय बघ. दिवाळीला माझ्या भावानं नेवाशावरनं आनलेला. काढ तो.

गोरख : घरावरची नदर...

साळूबाई : घराला काय नदर लागायची ऱ्हायली? काढ. उद्या खड्ड्यावर ने, कुंकू लाव आन तुझ्या हातानं काप. मुकादम हासला तर हासू दे. म्हनावं, आमच्या घरात पुलाला मानूस देत न्हाईत, हे देत्यात.

गोरख : नेतो. पर तू आधी खाशील?

साळूबाई : खाते. चुलीवर काय आसंल ते आन. आन ऐक. खड्ड्याच्या वाटंला मारुती डाव्या हाताला पडतो.

गोरख : मी वळसा घालतो की, आजे. रोज घालतो.

साळूबाई : घालू नगंस. पडला डावा तर पडू दे. लांबनं हात जोड आन सरळ वाटंनं जा. देवाला काय म्हनायचं ते माझं मी म्हनंन.

कारभारी : मी निघतो, काकी.

साळूबाई : कुठं निघतोस? आत ये. उन्हाचा बसलायस केव्हाचा. टँकरचं हाय, पर गार हाय. घोटभर पानी पी आन मग जा.

कारभारी : आत येऊ?

साळूबाई : ये म्हनले ना. आन एक सांगते, तेवढं माझं ध्यानात ठेव. पितरपंधरवड्यात तू नदीवर मच्छिंद्रच्या नावानं पानी सोडतोस. सुनेनं, केशरनं सांगितलंय मला, मी बोलले न्हाई एवढंच. औंदा आधी त्या बाईच्या नावानं सोड. मग माझ्या लेकाच्या.

कारभारी : नावच ठावं न्हाई, काकी. काय म्हनून सोडू?

साळूबाई : वो देनारी म्हन.