रंगूबाईची मनी

विधवा लेकीचं, मंदाकिनीचं पत्र त्र्यंबकरावांच्या पुस्तकात चार महिने उत्तरावाचून पडलं होतं. "अण्णा, पुण्याला शिकायला जाऊ का?" एवढंच तिनं कल्याणच्या सासरहून विचारलं होतं. लोक काय म्हणतील, या धास्तीनं ते गप्प राहिले होते. आजही कोरं कार्ड घेऊन ते ठाण्याच्या टपालकचेरीच्या ओट्यावर बसले. शेजारी मिठागरावरच्या दोघी टपालाची वाट पाहत होत्या.

"रंगू, तुजी मनी मांजर दिसत नाय ती?"

"घरानच हाय गो. हिच्या थोरल्या भनीला कुत्र्यांनी फाडली, तवापासून हिला कडी लावून ठेवते."

"किती दिस?"

"वरीस झाला. दूध देते, म्हावरा देते."

"खाते?"

"खायची. आता कोनाड्यान बसून असते. काल दार उघडा राहिला, तर उंबऱ्यापरत आली नि माज्या तोंडाकडं बघत बसली."

"भायेर नाय गेली?"

"नाय. मी जा म्हनायची वाट बघत व्हती जशी."

"मग?"

"कडी लावली. कुत्रे हायत ना अजून."

"ते तर र्‍हानारच, बाय."



त्र्यंबकरावांनी कारकुनाकडून दौत-टाक मागून घेतला. "चि. मंदाकिनीस आशीर्वाद. जा. पोहोचवायला मी येतो." लोकांचा विचार पुन्हा मनात यायच्या आत त्यांनी ते कार्ड टपालपेटीत टाकलं.