फुंकेचा गाल

जन्म माझा पारोळ्याचा, किल्ल्यामागच्या वस्तीतला. आमच्या घरात लहानापासून मोठ्यापर्यंत बठ्ठे बँडवाले, बाप क्लारनेट वाजवे, चुलता ढोल, आणि मी बापाच्या मागे क्लारनेटच धरला. लगीनसराईत शिरपूरपासून मुक्ताईनगरपर्यंत आमच्या बँडले सुपारी राहे. काय सांगू तुमले, वरात निघाली का मी असा सूर लावू का म्हाताऱ्या बाया ओट्यावर येऊन उभ्या राहत.

आता फुंकणाऱ्याचे गाल फुगतातच, बापाचेही फुगलेले व्हते. म्हणून माझा उजवा गाल खालून वर आला तेव्हा कोणी काही बोललं नाही. दुखत तर नव्हतंच. आमचा मास्तर, म्हणजे बँडचा मालक, त्याच गालावर चापट मारून लोकांले दाखवे, पाहा, याले म्हणतात फुंकेचा गाल. मालेही बरं वाटे. दोन-तीन लगीनसराया अशाच गेल्या. मग खालचे दात हलायले लागले, तेव्हा माझी बायको सुमन हाताले धरून धुळ्याले घेऊन गेली.

तिथल्या डॉक्टरनं फोटो काढला, उजेडाले धरला. जबड्याचं हाड आतून मोहळासारखं पोकळ. कॅन्सर नाही म्हणे, साधी गाठ शे, पण हाड खात राहते. त्याच्यावरचा मोठा डॉक्टर म्हणे, अर्धा जबडाच काढून टाका, कटकट मिटेल. मी रडलोच भाऊ, लाजायचं काय त्यात. म्हटलं साहेब, मी क्लारनेटवाला शे, जबडा गेला तर मी कोण राहू? तो फोटो काढणारा लहाना डॉक्टर माझ्यासाठी मोठ्याशी भांडला. म्हणे गाठ कोरून काढू, हाड आतून खरवडू, खालची कड राखू, पण ही परत येऊ शकते, तुला जन्मभर तपासायला यावं लागेल. मी म्हटलं, येईन.

तसंच केलं त्यानं. तोंडाच्या आतूनच कोरलं, बाहेर ओरखडा नाही. खड्ड्यात औषधाची पट्टी भरे, परत बदले, मी पेजेवर दिवस काढले. चेहरा जसा व्हता तसाच राहिला. पण गाठीसंगे खालचे पुढचे दात गेले ना. क्लारनेटले खालचा ओठ दातावर दुमडून टेकू द्यावा लागतो. कवळी बसवली, तर फुंक मारली का ती हाले, नुसती हवा निघे. बापासमोर फुंकलो, बाप उठून बाहेर गेला. तेव्हापासून त्याच बँडात मी खुळखुळा हलवतो. लोक म्हणतात, तोंड तर धड शे, आळशी झाला.

आणि धुळ्याले गेलो का डॉक्टर फोटो पाहे, आतून बोट फिरवे, खूश होई आणि विचारे, वाजवतोस ना? त्याले वाटे कवळीवर जमतं. मी म्हणे हो साहेब, बठ्ठी लगीनसराई. माझ्यासाठी जो एवढ्या मोठ्या माणसाशी भांडला, त्याले नाही कसं म्हणू?

मागच्या खेपेले म्हणाला, पुढच्या वेळी क्लॅरिनेट घेऊनच ये, एकदा ऐकायचंय मला.

ती खेप टळून गेली. सुमन रोज म्हणते, खरं सांगी टाका, तो का तुमले मारी टाकी? मी म्हणतो जाऊ, जाऊ. पावसाळाही गेला. जिभेनं चाचपत राहतो, परवापासून कोरलेल्या जागी आत काहीतरी टणक लागतं. सुमनले सांगितलं नाही. त्या डॉक्टरचं भलं होवो, देवमाणूस शे तो, पण त्याच्यासमोर रिकाम्या हातानं कसं उभं राहू, तुम्हीच सांगा.